वार वाटून द्या, साहेब

मा. उद्योगमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

मी हिंजवडी फेज ३ मधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टीम लीड आहे, राहायला हडपसरला. आम्हाला तीन दिवस ऑफिस सक्तीचं: मंगळ, बुध, गुरू. आजूबाजूच्या कंपन्यांनीही नेमके हेच वार धरलेत. सोमवारी वाकडचा पूल सुखाने ओलांडता येतो. मंगळवारी तिथून शिवाजी चौक गाठेपर्यंत टीममधली पोरं गाडीतच स्टँडअप कॉल, म्हणजे रोजची छोटी टीम मीटिंग, उरकतात.

अप्रेझलला, म्हणजे वार्षिक कामगिरीच्या मूल्यमापनाला, बारा जणांचं काम मी तोलतो. घरून काम केलं म्हणून कुणी ढिला पडलेला मला दिसला नाही. काम अडतं ते मंगळवारी. माणूस अकराला पोचतो, हेडफोन चढवून बंगळुरूच्या सहकाऱ्याशी बोलतो आणि चारपासून कॅबची चिंता करू लागतो. नव्या मुलांचं वेगळं. शेजारी बसून चूक दाखवल्याशिवाय ती तयार होत नाहीत, म्हणून कायम घरीच बसू द्या असं मी म्हणणार नाही.

चीनच्या ट्रिप डॉट कॉम या प्रवास-बुकिंग कंपनीने २०२१-२२ मध्ये १,६१२ कर्मचाऱ्यांचे जन्मतारखेच्या सम-विषमवरून दोन गट केले. एका गटाला बुधवारी आणि शुक्रवारी घरून काम. पुढची दोन वर्षं अप्रेझल आणि बढत्या तपासल्या, दोन्ही गट सारखेच निघाले. घरून काम करणाऱ्या गटात नोकरी सोडणारे मात्र एक तृतीयांशाने घटले. हा फरक बायकांमध्ये आणि लांबून येणाऱ्यांमध्ये जास्त. २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने हे छापलं. तिथल्या मॅनेजर मंडळींना आधी वाटत होतं, उत्पादकता २.६ टक्क्यांनी घसरेल. प्रयोगानंतर तेच म्हणाले, टक्काभर वाढली. (आमच्या मॅनेजरांना हे कोण सांगणार!)

आमच्याकडे हजेरीची एक्सेल आधी येते, कामाची नंतर. गेल्या वर्षी रिलीज वेळेत पुरी करणाऱ्या एका सहकारी बाईंचं रेटिंग मला चार गैरहजेऱ्यांपायी उतरवावं लागलं. ते अजून डाचतं.

हे कंपनीचं अंतर्गत प्रकरण, असं आपण म्हणाल. पण रस्ता अंतर्गत नाही, आणि हे आयटी पार्क एमआयडीसीचं, म्हणजे आपल्याच खात्याचं. एमआयडीसीने सगळ्या एचआर प्रमुखांना एकदा समोरासमोर बसवावं. फेज १ ला सोम-मंगळ-बुध, फेज २ ला बुध-गुरू-शुक्र, फेज ३ ला सोम-गुरू-शुक्र दिलं, तर कोणत्याही दिवशी दोनपेक्षा जास्त फेज रस्त्यावर नसतील. काही कंपन्या दोन फेजमध्ये पसरल्यात, त्यांचं थोडं जुळवून घ्यावं लागेल. हिंजवडी मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं होतं; वार बदलायला भूमिपूजन लागत नाही.

तीन महिने करून पाहा. आधीच्या आणि नंतरच्या गाड्या वाहतूक पोलिसांनी मोजाव्यात, कामाचे आकडे कंपन्यांकडे आहेतच. बैठक मात्र सोमवारी ठेवा, म्हणजे सगळे वेळेवर पोचतील.

आपला,
हिंजवडीतला एक टीम लीड