भाऊसाहेब, लाईट येण्याआधीच्या दिवसांबद्दल

आदरणीय भाऊसाहेब,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही निवृत्त झाल्याचं आईकडून कळलं. आमच्या घारापुरी बेटाचे ग्रामसेवक असताना तुमची बदली झाली तेव्हा मी माझगावात सासरी होते, पदरात तान्हं मूल, त्यामुळे निरोपाला येणं जमलं नाही. आभार राहून गेले. ते आता चारचौघांसमोरच मानते, कारण मुंबईकरांना आमचं बेट म्हणजे लेणी, त्रिमूर्ती आणि हातातली पिशवी पळवणारी माकडं एवढंच माहीत. तिथे शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर अशी तीन गावं आहेत, हजार-बाराशे माणसं राहतात, त्यांची स्वतःची ग्रामपंचायत आहे आणि बेट मुंबईसमोर असलं तरी जिल्हा रायगड नि तालुका उरण, हे गेटवेवर लाँचच्या रांगेत उभ्या असलेल्या बहुतेकांच्या गावीही नसतं.

फेब्रुवारी 2018 मध्ये बेटावर लाईट आली. स्वातंत्र्याला सत्तर वर्षं होऊन गेल्यावर. लेणी जागतिक वारशाच्या यादीत 1987 सालीच गेली होती, म्हणजे जगाला आम्ही दिसत होतो, अंधारात असलो तरी. समोर जवाहर द्वीपावरची तेलाची जेटी रात्रभर लखलखायची, पलीकडे मुंबई, इकडे न्हावा-शेवा बंदराचे दिवे. मधल्या काळोखात आमचं बेट. संध्याकाळी एमटीडीसीचा, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाचा, जनरेटर तीन-एक तास चालायचा. तेवढ्यात मुलांचा अभ्यास, मोबाईलचं चार्जिंग आणि आईची मालिका उरकायची. मालिका बहुतेक वेळा अर्धीच राहायची.

मग महावितरणने समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल आणली, पंचवीस कोटींचं काम. तिन्ही गावांत ट्रान्सफॉर्मर बसले, दोनशेच्या आसपास घरांना मीटर मिळाले. समारंभ झाला, पेपरात फोटो आले. ज्यांचे आले त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पैसा सरकारने दिला, केबल इंजिनीअर-कामगारांनी टाकली, ते श्रेय त्यांचंच. पण केबल येते ती गावाच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत. तिथून पुढे आमच्या मोरीतल्या बल्बपर्यंतचं अंतर तुम्ही कापलंत, आणि त्याचा फोटो कुणी काढला नाही.

आमच्या बेटाला मालक किती! लेणी पुरातत्त्व खात्याची, झाडी वनखात्याची, धक्का मेरीटाईम बोर्डाचा, पर्यटन एमटीडीसीचं, शाळा जिल्हा परिषदेची. राहिलं ते ग्रामपंचायतीचं. संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरात बांधकामाला बंदी, त्यापुढच्या दोनशे मीटरांत परवानगीशिवाय काही करता येत नाही. साधा खांब रोवायचा तरी आधी विचारायचं कुणाला, इथूनच सुरुवात. एका कार्यालयातून आपला कागद ‘संबंधित विभागाकडे पाठवावा’ असा शेरा मारून परत आला, आणि तो संबंधित विभाग कोणता हे सांगायला तिथे कुणी तयार नव्हतं. तुम्ही चिडला नाहीत. एका लांब वहीत रेघा मारल्यात: काम, खातं, साहेब, कधी भेटतात, काय म्हणाले. पुढे सरपंच नि सदस्य तालुक्याला जायचे ते त्या वहीचं पान मोबाईलमध्ये घेऊन. पूर्वी नुसतं ‘बघतो’ ऐकून परतायचे, आता ‘तुम्ही अमुक तारखेला हे म्हणाला होतात’ असं सांगायला लागले.

सभांचंही तसंच. वर्षातल्या ठरलेल्या चार ग्रामसभांना आमच्याकडे कोरम जमायची मारामार, कारण सुट्टीच्या दिवशीच पर्यटक लोटतात आणि पायऱ्यांवरचं दुकान सोडून सभेला कोण येणार? तुम्ही विशेष सभा सोमवारी लावायला सुरुवात केलीत. सोमवारी लेणी बंद, धंदा बंद, माणसं मोकळी. इतकी साधी गोष्ट आधी कुणाला का सुचली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. महिला सभा तोवर कागदावर सह्या घेऊन व्हायची. ती खरोखर भरवलीत, आणि पहिल्याच सभेत काकू उठून म्हणाल्या, ‘रस्त्यावरचे दिवे आधी विहिरीच्या वाटेवर लावा, चौकात नंतर.’ पुरुषांनी चौक धरून ठेवला होता. ठरावात विहिरीची वाट वर गेली.

पण मला सगळ्यात आठवतात ते मीटरच्या अर्जांचे दिवस. मी तेव्हा नुकतीच बी. कॉम. झाले होते, अक्षर बरं म्हणून तुम्ही मला लिहायला बसवलंत. अर्ज, आधार, नमुना 8 चा उतारा, वायरिंगचा टेस्ट रिपोर्ट, मग कोटेशन भरायचं. घोडं अडायचं ते उताऱ्यावर. घर उताऱ्याला आजोबांच्या नावाने, आजोबा जाऊन कित्येक वर्षं झालेली, आणि वारसांपैकी एक भाऊ घरात, दुसरा उरणला, दोघांत बोलणं नाही.

मोराबंदरच्या त्या दोन भावांचं नाव घेत नाही, गावात सगळ्यांना माहीत आहेत. उरणच्या भावाला वाटायचं, मीटर याच्या नावावर झाला की घर गेलं. तुम्ही त्याला बोलावून घेतलंत. लाँचमधून उतरला तोच भांडायच्या तयारीने. तुम्ही दोघांना समोरासमोर न बसवता एका बाकावर शेजारी बसवलंत, पुढ्यात उतारा ठेवलात आणि म्हणालात, ‘मीटरने मालकी ठरत नाही. वाटणीचं भांडण लाईट आल्यावरही करता येईल, उजेडात करा.’ धाकटा हसला. थोरल्याने चहा मागवला. ना-हरकतीवर सही झाली ती माझ्याच पेनाने, आणि ते पेन उरणला गेलं ते गेलंच. भांडण अजून चालू आहे म्हणे. पण दोन्ही घरांची मुलं मे महिन्यात एकाच पंख्याखाली झोपतात.

लाईट आल्यावर काय बदललं हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, तरी आईच्या दुकानाचं सांगते. पूर्वी थंड पेयांसाठी बर्फाची लादी मुंबईहून पोत्यात गुंडाळून यायची, लाँचमध्येच तिचं पाणी व्हायला लागायचं आणि दुपारी दोननंतर गिऱ्हाइकाला कोमट सरबत. आता फ्रीज आहे. आई त्याचं बिल महिन्याच्या महिन्याला भरते आणि पावत्या तुम्ही सांगितल्याप्रमाणे तारेत ओवून ठेवते.

सगळं सुरळीत झालं असं लिहिलं तर तुम्हीच हसाल. रात्री कुणी जास्त आजारी पडलं तर होडीशिवाय इलाज नाही, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की तीही भरवशाची नाही. पुढच्या शिक्षणाला मुलांना बेट सोडावंच लागतं. पर्यटक बाटल्या टाकून जातात. राज्यात 2018 सालीच प्लास्टिकबंदी आली, पण कचरा उचलून बेटाबाहेर न्यायचा कुणी यावर प्रत्येक खात्याचं बोट दुसऱ्याकडे. ग्रामपंचायत पर्यटकांकडून कर घेते, त्यातून किती म्हणून भागणार? माझ्या मते ही तिन्ही कामं लाईटपेक्षा अवघड आहेत, कारण लाईट एकदा आणली की आली. ही रोज करावी लागणार.

म्हणून आभारांसोबत एक मागणी. तुमच्या पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, बेटावर पुढेही नवी माणसं येत राहतील. ती लांब वही तुमच्याकडे असेल तर तिची झेरॉक्स काढून ग्रामपंचायतीत द्याल का? कचऱ्याच्या कामाला कुठल्या दारातून शिरायचं हे तिच्यात असणार. झेरॉक्सचे पैसे माझ्याकडून.

आणि येणार असाल तर सोमवारी या. आईने सांगितलंय, वाल आणि सुकी करंदी करते, जेवूनच जायचं.

आपली,
मोराबंदरची लेक
सध्या मुक्काम माझगाव, मुंबई