लिनक्स बसवताना कागद ‘ए४’ ठरवून द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेच्या सुधारणा मिळणे, संपला. जुन्या कॉम्प्युटरांवर लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी मोफत संगणकप्रणाली) बसवायला आता आपल्या इंदुरातल्या वाचनालयांना आणि शिकवणीवर्गांनाही सबळ कारण मिळाले आहे. धडधाकट यंत्रे भंगारात जाण्यापेक्षा हे केव्हाही चांगले. पण बसवणारा एक गोष्ट हमखास विसरतो, ती म्हणजे कागदाचा आकार. मग दोष येतो प्रिंटरवर.

लिनक्समधले बरेच प्रोग्राम कागद देशावरून ठरवतात. बसवताना भाषा अमेरिकन इंग्रजी आणि देश अमेरिका असेच राहू दिले, तर ‘लेटर’ कागद गृहीत धरला जातो. पुढे घड्याळ भारतीय वेळेवर आणले तरी कागद बदलत नाही. लेटर २१६ बाय २७९ मिलिमीटर, आपला ए४ २१० बाय २९७. लांबीत तब्बल १८ मिलिमीटरचा फरक! ए४चा अर्ज लेटरच्या मापात छापला की तळ कापला जातो, नाहीतर सगळे पान आक्रसते. काही प्रिंटर तर ट्रे भरलेला असूनही कागद मागत थांबतात.

आणि अर्जाच्या तळाशीच सही असते, तारीख असते. भंवरकुआँ भागात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी किती मुले आहेत, हे सांगायला नको. शेवटच्या तारखेला अर्ज छापायला धावणाऱ्या मुलाच्या हाती सहीची चौकट अर्धवट आली, तर त्याने काय करावे? दुसऱ्या प्रतीचे पैसेही त्यानेच का भरावेत?

उपाय अवघड नाही, फक्त तो दोन-तीन ठिकाणी करावा लागतो. सेटिंग्जमध्ये प्रदेश ‘भारत’ निवडावा. ‘ईटीसी’ फोल्डरातल्या ‘पेपरसाइज’ फाइलमध्ये ए४ लिहावे (इंग्रजी लहान अक्षरात). एवढ्याने प्रिंटर ऐकेलच असे नाही, कारण छपाई ‘कप्स’ या वेगळ्या प्रोग्रामकडे असते. त्यासाठी ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट:६३१’ उघडून त्या प्रिंटरच्या डिफॉल्ट ऑप्शन्समध्ये ए४ निवडावा. टर्मिनलवर (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘एलपीऑप्शन्स’ ही आज्ञा वापरणारे बहुतेकदा इथेच फसतात: साध्या खात्यातून दिलेली आज्ञा त्या खात्यापुरतीच राहते, रूट (सर्वाधिकार असलेले खाते) म्हणून दिली तरच ती सगळ्यांना लागू होते. वाचनालयात दहा जणांची दहा खाती असतील, तर हा फरक फार मोठा आहे. लिब्रेऑफिसच्या (लिनक्सवर मजकूर लिहिण्याचा प्रोग्राम) जुन्या फाइली मात्र आपला आकार सोबत घेऊन येतात. तो पेज स्टाइलमध्ये जाऊन बदलावा लागतो.

आमच्याकडे लीगल (ए४हून लांब) कागद जास्त लागतो, असे काही जण म्हणतील. त्या कामापुरता तो निवडता येतोच. सर्वोच्च न्यायालयानेही १ एप्रिल २०२०पासून ए४चाच, तोही दोन्ही बाजूंनी छापून, वापर सुरू केला आहे.

मराठी संस्थांच्या पदाधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. लिनक्स बसवून घेतल्यावर पैसे देण्याआधी साध्या वाचकाच्या खात्यातून पानभर मजकुराचा एक ए४ अर्ज छापून घ्या. शेवटची ओळ पूर्ण आली आणि चौकटींची मापे पट्टीवर बरोबर भरली, तरच काम झाले असे समजा.

– एक वाचक, रामबाग, इंदूर