थरथरीपलीकडचा कंपवात

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला कंपवाताच्या (पार्किन्सनच्या) औषधांची तुलना करणारा तक्ता पाहिला. रंगसंगती उत्तम. मात्र गुण दिलेत ते हाताची थरथर किती थांबते एवढ्यावरच, त्यामुळे ट्रायहेक्सीफेनिडिल पहिले आले! थरथर कमी होते, खरे आहे. पण सत्तरीतल्या माणसाचे तोंड कोरडे पडते, लघवी अडते, बद्धकोष्ठ वाढते आणि बुद्धीला भ्रम पडतो, त्यासाठी तक्त्यात रकानाच नाही. प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल यांना आपण 'सौम्य' म्हटले आहे. या गोळ्यांनी बसल्याजागी झोप लागते, घोटे सुजतात आणि काहींना जुगाराचा किंवा खरेदीचा नाद लागतो. घरचे लाजेने ते डॉक्टरांना सांगत नाहीत.

हेही एक वेळ चालले असते. पण 'मळमळ टाळण्यासाठी लेव्होडोपा जेवणानंतर दुधासोबत घ्यावी' हे वाक्य कोणी तपासले? लेव्होडोपा ही कंपवातावरची मुख्य गोळी; मेंदूत तिचे डोपामिन होते, आणि या आजारात तेच कमी पडते. दूध, वरण, पनीर यांतल्या प्रथिनांचे घटक आतड्यातून आणि पुढे मेंदूत शिरताना लेव्होडोपाशीच स्पर्धा करतात. मग गोळी उशिरा लागू पडते किंवा पडतच नाही, आणि रुग्ण दुपारभर खुर्चीत जखडून बसतो. गोळी जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर किमान तासाभराने, पाण्याबरोबर घ्यावी. फारच मळमळले तर सोबत एखादे साधे बिस्किट. लोहाची गोळी चालू असेल तर दोन तासांचे अंतर हवे.

मळमळीचे कारण बहुधा वेगळेच असते. आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या ११० च्या गोळीत १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि फक्त १० मिलिग्रॅम कार्बिडोपा असते. दिवसाला तीन गोळ्या म्हणजे कार्बिडोपा ३० मिलिग्रॅम. लेव्होडोपाचे मेंदूबाहेरच डोपामिन झाले की मळमळते; तसे होऊ नये यासाठी कार्बिडोपा दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम लागते. १०० अधिक २५ ची गोळी तीनदा घेतली की ७५ होते आणि लेव्होडोपा तेवढीच राहते. हा बदल अर्थातच डॉक्टरांनी करायचा, पण त्यांना विचारायचे हे वाचकाला कळायला नको?

तोवर लोक दुकानातून 'गॅसची कॅप्सूल' आणतात. पॅन्टोप्राझोलबरोबर डॉम्पेरिडोन असेल तर हृदयाची तक्रार नाही ना, एवढे पाहावे लागते. बरोबर लेव्होसल्पिराइड असेल तर मात्र ते डोपामिनचीच वाट अडवते. उलटीवरचे मेटोक्लोप्रामाइड आणि चक्करीवरचे सिनारिझिन यांचेही तेच. भास होतात म्हणून हॅलोपेरिडॉल दिले की माणूस लाकडासारखा ताठतो. तिथे क्वेटियापिनसारखे औषध लागते. पान भरून लेखात यातले एक अक्षर नाही.

आता त्याच लेखाखालच्या जाहिरातीविषयी. 'गोळ्या सोडा, कंपवात विसरा' असे सांगणारे ते खाजकुयलीचे चूर्ण. खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपाच असते. चमचाभर चूर्णात किती, ते जाहिरातीत नाही, आणि कार्बिडोपा तर नाहीच. गोळ्यांसोबत घेतले तर एकूण मात्रा किती झाली ते कोणालाच ठाऊक नसते. गोळ्या एकदम सोडल्या तर प्रचंड ताप आणि ताठरपणा येऊन अतिदक्षता विभाग गाठावा लागू शकतो.

दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच आकारात छापावी आणि दुधाचे वाक्य सर्वांत आधी घ्यावे. जाहिरातदार रुसला तर त्याची समजूत आपण घालालच.

— एक निवृत्त औषधनिर्माता, सांगली