किट ‘निगेटिव्ह’ आलं म्हणून फ्लू नाही, असं नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विसर्जनानंतर जिल्ह्यात सर्दी-तापाचे रुग्ण वाढल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. शेवटी ‘नागरिकांनी वेळीच तपासणी करून घ्यावी’ असं आवाहन आहे. कोणती तपासणी, कितव्या दिवशी, आणि तिच्यावर भिस्त किती ठेवायची, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. देवगड तालुक्यातल्या एका खासगी लॅबमध्ये मी टेक्निशियन आहे. स्वॅब मी घेते, पट्टी मी वाचते (सही अर्थातच पॅथॉलॉजिस्ट मॅडमची), म्हणून हे पत्र.

चाकरमानी परत गेले की आमच्याकडे फ्लूच्या रॅपिड किटला मागणी येते. परवा मधुमेह असलेले एक काका आले. अंगात ताप, खोकून खोकून आवाज बसलेला. रिपोर्ट हातात पडताच म्हणाले, “निगेटिव्ह इलो मां? मगे आज भजनाक जाऊक मोकळो!” त्यांना बाकावर बसवून समजावलं आणि मॅडमनी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला. पण रोज प्रत्येकाला बसवून सांगणं होत नाही.

किटमधली ही पट्टी विषाणूचं प्रथिन पकडते, तेही स्वॅबवर पुरेसं आलं असेल तरच. सर्वसाधारणपणे फ्लूच्या दहा खऱ्या रुग्णांत ती पाच ते सात जणांना पकडते, बाकीचे सुटतात. साथीच्या दिवसांत पॉझिटिव्ह आलं तर बहुधा खरं असतं. निगेटिव्हचं तसं नाही, आणि साथ जोरात असताना तर मुळीच नाही. लहान मुलांच्या नाकात विषाणू भरपूर असतो, त्यांच्यात पट्टी बरी चालते. मोठी माणसं मात्र दोन दिवस काढा पिऊन, दोन दिवस मेडिकलमधल्या गोळ्या खाऊन पाचव्या दिवशी येतात. तोवर नाकातला विषाणू ओसरलेला असतो.

त्यात स्वॅब घेण्याची पद्धत. काडी नाकात वर नव्हे, तोंडातल्या टाळूला समांतर आडवी आत न्यायची, टेकली की हळू फिरवून काही सेकंद तशीच ठेवायची. नीट घेतला तर रुग्णाच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि तो आपलं मनगट धरतो. नाकपुडीच्या तोंडाशी काडी फिरवून ‘झालं’ म्हटलं तर रुग्ण खूश, पण रिपोर्टचा भरवसा गेला. पट्टीही सांगितलेल्या वेळेतच वाचायची. बहुतेक किटना दहा-पंधरा मिनिटं लागतात. त्या वेळेत उमटलेली फिकट रेघसुद्धा पॉझिटिव्हच, आणि अर्ध्या तासाने दिसलेली रेघ धरायची नाही. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत पाकीट आधीच फोडून ठेवलं तरी पट्टी बिघडते.

म्हणून डॉक्टरांनाही विनंती, औषधासाठी आमच्या रिपोर्टची वाट पाहू नका. फ्लूवरचं औषध ऑसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत दिलं तर जास्त उपयोगी पडतं. २००९ च्या स्वाइन फ्लूनंतर केंद्र सरकारने रुग्णांचे अ, ब, क असे गट पाडून दिले. अ म्हणजे साधा सर्दी-ताप, त्याला तपासणीच नको. ब मध्ये गरोदर बाई, वृद्ध, लहान मूल, दमा-मधुमेहाचा रुग्ण असेल तर तपासणीवाचून औषध. क म्हणजे धाप, छातीत दुखणं, ग्लानी, थुंकीत रक्त असेल तर लगेच भरती, औषध सुरू आणि तपासणी. इतकं सरळ लिहिलेलं असताना धाप लागलेला माणूस निगेटिव्ह पट्टी घेऊन घरी का जातो?

आपल्या भागात आणखी एक भानगड आहे. लावणीपासून दसऱ्यापर्यंत येणारा ताप लेप्टोचाही (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो, डेंग्यूचाही. डोळे लाल, पोटऱ्या ठणकणं, लघवी कमी होणं ही लक्षणं असतील तर फ्लूचं किट काहीही म्हणो, लेप्टोचा उपचार थांबवू नये.

आता शहरातल्या मोठ्या लॅबांची ‘पॅनेल’. एका स्वॅबवर वीसेक जंतू तपासतात, बिल हजारांत. आम्ही नमुना पाठवला तर आम्हालाही त्यात मिळतं, तरीही लिहिते: चालत्याफिरत्या माणसाला याची गरज नाही. त्यातल्या बहुतेक विषाणूंवर वेगळं औषधच नाही, रिपोर्ट आला तरी उपचार तोच. आयसीयूतला किंवा प्रतिकारशक्ती खचलेला रुग्ण असेल तर गोष्ट वेगळी.

खरी गरज आहे ती तालुक्याच्या ठिकाणी फ्लूच्या पीसीआरची, म्हणजे विषाणूचं जनुक शोधणाऱ्या, पट्टीपेक्षा जास्त भरवशाच्या तपासणीची. २०२० च्या उन्हाळ्यात जिल्ह्यातले कोविडचे स्वॅब घाट चढून मिरजेला जायचे आणि गावच्या शाळेत ठेवलेली माणसं रिपोर्टची वाट बघायची, हे कोणी विसरलेलं नाही. नंतर जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला सोय झाली. पण देवगड-वैभववाडीहून ओरोसही जवळ नाही, आणि नमुना बर्फात ठेवूनच न्यावा लागतो. दुसरीकडे टीबीच्या तपासणीसाठी ट्रूनॅट यंत्रं आज अनेक सरकारी रुग्णालयांत आहेत. गोव्यातल्या कंपनीचं हे छोटं पीसीआर यंत्र, बॅटरीवर चालतं, तासाभरात निकाल देतं. त्याच यंत्रावर २०२० मध्ये कोविडच्या तपासण्या झाल्या, आणि त्यात घालायची स्वाइन फ्लूच्या तपासणीची चिपही आहे. टीबीचं काम सकाळी उरकून दुपारचे दोन तास, जून ते ऑक्टोबर, फक्त भरती झालेल्या आणि जोखमीच्या रुग्णांसाठी दिले तरी पुष्कळ होईल. यंत्र नव्याने घ्यायचं नाही. चिपा आणि स्वॅबच्या नळ्या पावसाआधी मागवाव्या लागतील आणि टेक्निशियनची रिकामी पदं भरावी लागतील. जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत आपल्या आमदारांनी एवढं तरी मांडावं.

खासगी लॅबांनी रिपोर्टवर नुसतं ‘निगेटिव्ह’ न छापता ‘रॅपिड किटवर निगेटिव्ह, फ्लू नाकारता येत नाही’ असं मराठीत छापावं. आमच्याकडे मॅडमनी या आठवड्यापासून सुरू केलं आहे. आणि डॉक्टरांनी चिठ्ठीवर ताप कितवा दिवस आहे ते लिहून पाठवावं. आम्ही विचारलं की रुग्ण म्हणतो परवापासून, आणि सोबतची बायको म्हणते, “खंय परवापासून? गौरी जेवल्या त्या दिसापासून!”

आपली,
एक लॅब टेक्निशियन
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग