पापड, मेदुवडा आणि पाटोदी

संपादक महोदय,

डिफरन्शियल जॉमेट्रीत, म्हणजे वक्र पृष्ठांच्या भूमितीत, संशोधन करणाऱ्या गणितज्ञाची मुलाखत आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचली. मुलाखतकाराने ‘याचा उपयोग काय?’ हे तीनदा विचारले आणि शेवटी त्या बिचाऱ्याकडून ‘जीपीएस’ एवढे वदवून घेतले. उत्तर चूक नाही. गणितज्ञ रीमानने 1854 मध्ये मांडलेली वक्र अवकाशाची भूमिती आइन्स्टाइनने 1915 मध्ये गुरुत्वाकर्षणासाठी वापरली; सापेक्षतेचा हिशेब सोडला तर जीपीएसच्या उपग्रहांवरची घड्याळे दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे पळतात. पण रीमान काही टॅक्सीवाल्याला पत्ता सांगायला बसला नव्हता!

माणूस या विषयाच्या नादी का लागतो, ते आमच्या घरी पापड तळताना दिसते. कच्चा पापड सपाट असतो. तेलात पडला की कड आणि मध्य सारखे फुलत नाहीत. कडेचा घेर त्रिज्येच्या मानाने वाढला, तर त्याला सपाट राहायला जागाच उरत नाही आणि लाटा उठतात. मध्य जास्त फुलला तर वाटी होते. पापडावरच्या मुंगीला वरून बघायची गरज नाही. पापडावरच चालून घेर आणि त्रिज्या मोजली तरी तिला वक्रता कळेल. गणितज्ञ गाउसने 1827 मध्ये हेच सिद्ध केले. मी बत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. ही गोष्ट प्रथम समजली त्या रात्री मला झोप आली नव्हती. उपयोगाचा विचार तेव्हा मनात आल्याचे आठवत नाही.

मुलाखतीत एक नाव यायला हवे होते, तेही मुंबईच्या वर्तमानपत्रात: विजयकुमार पाटोदी. जन्म 1945, मध्य प्रदेशातील गुना येथे. काम कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. एखाद्या वक्र पृष्ठाच्या एका बिंदूला चटका दिला, तर उष्णता कशी पसरते यात तिथली वक्रता लपलेली असते. सगळ्या पृष्ठावरची वक्रता एकत्र करून 2π ने भागली की एक ठाम पूर्णांक मिळतो: चेंडूला 2, मेदुवड्याला 0. (वड्याची बाहेरची बाजू जेवढी जमा करते, तेवढीच भोकाकडची वजा करते.) हाच पूर्णांक उष्णतेच्या समीकरणातून, तोही कितीही मितींत, काढायचा तर वाटेत भयंकर बीजगणिती पदे येतात. ती एकमेकांना खाऊन टाकतील, अशी आशा मॅककीन आणि सिंगर या गणितज्ञांनी 1967 मध्ये व्यक्त केली होती. खरोखरच खातात, हे पाटोदींनी 1971 मध्ये हिशेब करून दाखवले. पंचविशीतला पोरगा! पुढे अतिया आणि बॉट या गणितज्ञांबरोबरचा त्यांचा शोधनिबंध 1973 मध्ये आला. मूत्रपिंडाच्या आजाराने डिसेंबर 1976 मध्ये ते गेले, तेव्हा वय होते 31.

असा हिशेब करायला कोणी पगारासाठी बसत नाही. पदे कटतात की नाही, हे कळल्याशिवाय राहवत नाही म्हणून बसतो. मुलाखतकाराने एवढेच विचारले असते, तर समोरचा माणूस तासभर बोलला असता.

पाटोदींवर पुरवणीत एखादे पान द्यावे, ही विनंती. आणि या वेळी लेखाशेजारी कंपासपेटीचे चित्र नको.

— एक निवृत्त गणित शिक्षक, गिरगाव