ल्युबेक दोन तासांत उरकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

युरोपच्या सहलींत जर्मनी म्हणजे म्युनिक, ब्लॅक फॉरेस्ट आणि फ्रँकफर्टचा विमानतळ, एवढेच बहुतेकांच्या वाट्याला येते. उत्तरेला हॅम्बुर्गपर्यंत कोणी गेलेच, तर ल्युबेकला धावती भेट देतो, होल्स्टेनटोर या वेशीसमोर फोटो काढतो आणि पुढच्या गाडीने परततो. हान्सा या व्यापारी शहरांच्या संघाचे हे प्रमुख बंदर. त्याची अशी बोळवण होऊ नये, म्हणून हे पत्र.

होल्स्टेनटोर पाहायची ती दोन्ही बाजूंनी. १४६४ ते १४७८ या काळात ती बांधली गेली. बाहेरच्या, म्हणजे शत्रूकडच्या बाजूची भिंत सुमारे साडेतीन मीटर जाड, तर शहराकडची एक मीटरही नाही. जमीन दलदलीची असल्याने बुरूज बांधतानाच खचू लागले. दक्षिणेचा बुरूज कललेला नुसत्या डोळ्यांना दिसतो आणि सर्वांत खालच्या जंग्या आज जमिनीखाली गेल्या आहेत. १८६३ मध्ये ही वेस पाडायची की राखायची यावर मतदान झाले आणि ती एका मताने वाचली.

शेजारीच नदीकाठाला मिठाची जुनी गोदामे आहेत. ल्युबेकच्या श्रीमंतीचे मूळ इथे आहे. ल्युनेबुर्गच्या खाऱ्या झऱ्यांच्या पाण्यातून काढलेले मीठ १३९८ मध्ये पूर्ण झालेल्या श्टेक्निट्झ कालव्यातून होड्यांनी इथे यायचे आणि पुढे आजच्या स्वीडनच्या दक्षिण किनाऱ्याकडे जायचे. तिथे हेरिंग मासा अमाप, पण मिठाविना तो टिकणार कसा? उपवासाच्या दिवशी मांस वर्ज्य असलेल्या ख्रिस्ती युरोपला हा खारवलेला मासा पिंपे भरभरून लागायचा. हे ठाऊक असले की व्यापाऱ्यांच्या घरांची रचनाही उलगडते: तळमजल्यावर उंच दिवाणखान्यासारखी व्यवहाराची जागा, वर माळ्यांवर माल, आणि तो चढवायला रहाट.

मारिएनकिर्शे हे चर्च निवांत पाहा. या भागात बांधकामाचा दगड नाही, म्हणून सगळे विटांचे. मधल्या दालनाचे छत साडेअडतीस मीटर उंच, विटांच्या कमानींत जगात सर्वांत उंच. १९४२ च्या मार्चमध्ये ब्रिटिश बॉम्बहल्ल्यात जुन्या शहराचा साधारण पाचवा हिस्सा नष्ट झाला. त्या रात्री दक्षिण मनोऱ्यातल्या घंटा खाली कोसळल्या. त्यांचे तुकडे आजही पडले त्याच जागी, फुटलेल्या फरशीत रुतलेले ठेवले आहेत. म्हणूनच 'जसेच्या तसे मध्ययुगीन शहर' हे वर्णन अर्धवट आहे. १९८७ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा दिला तोही पाण्याने वेढलेल्या जुन्या शहराच्या सबंध बेटाला नव्हे, त्याच्या निवडक भागांना.

आता धावत्या भेटीत हमखास सुटते ते. मोठ्या घरांच्या दर्शनी भिंतींत बुटकी, अंधारी दारे दिसतात. वाकून आत शिरले की मागच्या अंगाला बोळ आणि त्यात एका रांगेत इवलीशी घरे. जागा कमी पडू लागली तशी कष्टकऱ्यांसाठी परसात ही वस्ती झाली. शवपेटी निघेल एवढी तरी वाट रुंद हवी, असा दंडक होता असे सांगतात. अशी नव्वदेक बोळे आणि आवार आजही आहेत. ग्लोकेनगीसरश्ट्रासेवरचे फ्युख्टिंग्सहोफ हे १६३९ चे आवार तर चुकवूच नका. मात्र तिथे लोक राहतात. आवाज नको, खिडकीतून डोकावणे नको, दार बंद असेल तर ढकलू नका, मोठा घोळका आत नेऊ नका.

जाण्याचे गणित सोपे आहे. हॅम्बुर्गच्या मुख्य स्थानकावरून प्रादेशिक गाडीने पाऊण तास, आणि स्थानकातून दहा मिनिटे चालले की वेस. दोघे-तिघे किंवा पाचपर्यंत माणसे असाल तर श्लेस्विग-होल्स्टाइन तिकीट (ल्युबेक ज्या राज्यात आहे त्याचे) एकत्र काढा. एका दिवसाचे असते आणि हॅम्बुर्गमध्येही चालते. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच लागू होते, त्यामुळे आठच्या गाडीत बसलात तर तुम्ही विनातिकीट. मोठ्या बॅगा सोबत आणू नका. गोट्यांच्या फरसबंदीवर चाके अडकतात. पातळ तळव्यांच्या चपलांनी तासाभरात पाय दुखतात. वारा बोचरा असतो, जुलैतही विंडचीटर हवाच. पेट्रीकिर्शे या चर्चच्या मनोऱ्यात पन्नास मीटरवर जायला लिफ्ट आहे, म्हणून ज्येष्ठांनाही शहर वरून पाहता येते.

वार निवडताना जपा. रविवारी दुकाने बंद, सकाळी चर्चमध्ये प्रार्थना. सोमवारी अनेक संग्रहालये बंद. मंगळवार ते शुक्रवार उत्तम, आणि जमल्यास एक मुक्काम कराच, कारण बोळांकडे वळायला सवड तेव्हाच मिळते. शाकाहाऱ्यांनी इथले मार्झिपान जरूर घ्यावे: बदाम आणि साखर, अंडे नाही. पाकिटावर 'एडेलमार्झिपान' लिहिले असेल तर बदाम जास्त, साखर कमी.

आपला,
एक वाचक, ठाणे