वेस्टरडाइकबाईंच्या नळ्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विज्ञान दिनाच्या पुरवणीत आपण स्त्री-शास्त्रज्ञांना पूर्ण पान दिलेत. जानकी अम्मल आणि कमला सोहोनी यांच्याविषयी आजच्या मुलींना वाचायला मिळाले, त्याबद्दल मनापासून आभार. मी एकतीस वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले आणि त्यातही बुरशी हा माझा जिव्हाळ्याचा विषय. त्यामुळे त्या पानावर माझी नजर एक नाव शोधत राहिली, नेदरलँडच्या योहाना वेस्टरडाइक यांचे. आमच्याकडे प्राध्यापिकेला विद्यार्थी ‘बाई’ म्हणतात, म्हणून मीही त्यांना वेस्टरडाइकबाईच म्हणते.

बाईंचा जन्म १८८३ चा. पियानोवादक व्हायचे होते, हाताच्या दुखण्यामुळे ते राहिले. १९०६ साली झ्युरिकहून डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी, तेविसाव्या वर्षी, अ‍ॅमस्टरडॅमच्या वनस्पतिरोग प्रयोगशाळेच्या त्या संचालक झाल्या. एका दांपत्याने आपल्या अकाली गेलेल्या मुलाच्या स्मरणार्थ ती प्रयोगशाळा उभारली होती. १९१७ मध्ये उट्रेख्त विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकपद दिले. नेदरलँडमधल्या त्या पहिल्या स्त्री प्राध्यापक. चरित्रकोशात हे सगळे असते. मला ज्याविषयी लिहायचे आहे ते मात्र तिथे एका ओळीत उरकलेले असते.

१९०७ साली बाईंच्या हाती बुरश्यांचा एक जिवंत संग्रह आला. नमुने सुमारे ८०. बाईंच्या कारकिर्दीत त्यांचे दहा हजारांच्या आसपास झाले. हा आकडा वाचून पुढे जाऊ नये, अशी माझी वाचकांना विनंती आहे. हर्बेरियममधले, म्हणजे वनस्पतींच्या संग्रहातले, वाळवलेले पान कपाटात शंभर वर्षे राहते. काचेच्या नळीत वाढवलेली जिवंत बुरशी तशी राहत नाही. तिला दर काही महिन्यांनी नव्या अगारवर, म्हणजे तिचे अन्न घातलेल्या जेलीसारख्या थरावर, हलवावे लागते. बटाटे उकळा, गाळा, साखर आणि अगार घाला, नळ्या निर्जंतुक करा, तिरक्या ठेवून थंड करा, मग ज्योतीजवळ बसून तारेच्या टोकाने इवलासा तुकडा उचला. लक्ष चुकले तर दुसरीच बुरशी शिरते. सूक्ष्म कोळी एका नळीतून दुसरीत गेले तर अख्खी रांग जाते. हे वर्षानुवर्षे, हजारो नळ्यांसाठी, आणि प्रत्येकीवर ती कोणत्या झाडावरून, कुठून, कधी आली याची नोंद. प्रबंधात किंवा शोधनिबंधात या कामाला जागा नसते.

त्याची किंमत कळते ती अडीअडचणीला. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँडमध्ये, डेल्फ्ट शहरात, एका कारखान्यातले लोक पेनिसिलिन हे बुरशीपासून मिळणारे औषध गुपचूप बनवू पाहत होते. बुरशी कुठून आणायची? बार्न गावात हलवलेल्या बाईंच्या संग्रहातून. तिथल्याच एका पेनिसिलियम बुरशीवर त्यांचे काम उभे राहिले.

दुसरी गोष्ट एल्म वृक्षांची. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात हे वृक्ष पटापट वाळू लागले. कोणी दुष्काळाला दोष दिला, कोणी युद्धातल्या विषारी वायूंना. बाईंची विद्यार्थिनी बेआ श्वार्ट्झ हिने १९२२ मध्ये प्रबंधात दाखवले की कारण एक बुरशी आहे. अनेकांना ते पटले नाही. मग ख्रिस्तीन बाउसमन या दुसऱ्या विद्यार्थिनीने नेमक्या वेळी झाडांना लागण करून ते निर्विवाद सिद्ध केले. या रोगाला ‘डच एल्म रोग’ म्हणतात ते या संशोधनामुळे, रोग तिथे जन्मला म्हणून नव्हे. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्याच तुंबतात आणि हिरवे झाड उभ्याउभ्या सुकते. आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही, तुरीवरची मर त्याने पाहिलेली असते.

बाईंच्या हाताखाली ५६ जणांनी डॉक्टरेट केली आणि त्यांत जवळपास निम्म्या स्त्रिया होत्या, त्याही त्या काळात! ‘कामाने आणि उत्सवाने सुंदर मने घडतात’ हे त्यांच्या प्रयोगशाळेचे ब्रीद होते आणि त्यातल्या उत्सवाकडेही बाई तितक्याच आवडीने पाहत. बुरश्यांचा तो संग्रह सांभाळणारी संस्था आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते, पण नाव बदलायला २०१७ साल उजाडले.

हे पत्र लिहिण्यामागे एक दुखणेही आहे. तुरीच्या मर रोगाचे मी गावोगावहून गोळा केलेले नमुने चोवीस वर्षे जिवंत ठेवले होते. निवृत्तीनंतर वर्षभराने प्रयोगशाळेत गेले. सगळ्या नळ्या स्वच्छ धुऊन, कोरड्या करून, स्टँडमध्ये ओळीने लावलेल्या होत्या. कोणी वाईट हेतूने केले नव्हते. आत काय आहे हे कोणाला सांगितलेच गेले नव्हते, आणि ते विचारण्याची पद्धतही कुठे नव्हती. ती गावे, ती शेते आता तशी राहिलेली नाहीत. ते नमुने पुन्हा मिळणार नाहीत.

पुण्यात आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. असे नमुने जतन करणे हेच त्याचे काम आहे. प्राध्यापक निवृत्त होताना ग्रंथालयाची पुस्तके परत केल्याचा दाखला आपण घेतो. जिवंत नमुने कोणाकडे सोपवले याचाही दाखला विद्यापीठांनी मागावा, अशी माझी आपल्या वृत्तपत्रामार्फत आग्रहाची मागणी आहे. आणि ज्या प्राध्यापकांच्या निवृत्तीला वर्ष-दोन वर्षे उरली आहेत, त्यांनी विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट न पाहता या आठवड्यातच फ्रीज उघडावा आणि प्रत्येक नळीसमोर पीक, गाव आणि तारीख लिहून यादी करावी.

आपली नम्र,
एक निवृत्त वनस्पतिशास्त्र प्राध्यापिका, सातारा